भात बंद

आम्ही गुडगावला राहायला आलो तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. तोवर पेज, मऊ भात आणि नाचणीचं सत्त्व यांवर वाढलेली, कोणीही उचलून घ्यावं अशी गुबगुबीत. नवऱ्याला तिथे गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या नव्या कारखान्यात नोकरी लागली होती. परदेशी कंपन्या देशात यायला लागल्या होत्या त्या दिवसांतली गोष्ट. सेक्टरातल्या एका कोठीचा, म्हणजे बंगल्याचा, वरचा मजला आम्हाला मिळाला. समोर मोहरीचं शेत, मागे विटांचे ढीग, पाणी टँकरचं. मोहरी फुलली की छान दिसायची म्हणे. मला बघायला फुरसत नव्हती, मला पोळ्या करायच्या असायच्या.

हे पोळ्यांचं आधी सांगायला हवं. मी सिंधुदुर्गातली. आमच्याकडे सकाळी पेज, दोन्ही वेळा भात, आणि पोळी कधीतरी पाहुण्यांसाठी. लग्न होऊन पुण्याच्या घरात गेले तेव्हा माझ्या पोळ्यांचे नकाशे व्हायचे आणि त्यावरून मी जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत बसत नाही. इरेला पेटून शिकले. गुडगावला तर काय, गव्हाचंच राज्य. चांगला गहू घ्यायचा, गच्चीवर ऊन द्यायचं, निवडायचा, चक्कीवर स्वतः उभं राहून दळून आणायचा. पदर सुटलेली मऊसूत पोळी, वर तूप. मुलीला त्या पोळीचा घास भरवताना वाटायचं, आता हिच्या अंगाला लागेल.

सहा-आठ महिन्यांत पोर वाळली. हातपाय काड्या, पोट मात्र टम्म. दिवसातून पाच-सहा वेळा शी, पांढरट, फेसाळ, सबंध घरात वास सुटेल अशी. वाचायला घाण वाटत असेल तर वाटू दे. माझी जवळजवळ दहा वर्षं त्या शीचा रंग बघण्यात गेली. सतत तोंड आलेलं, सतत किरकिर. हसरी मुलगी होती हे आम्ही दोघं विसरूनच गेलो.

उपाय करायला मात्र मी कमी पडले नाही. आधी पाणी बाधलं म्हणालो. मग जंत झाले म्हणालो आणि दर तीन महिन्यांनी जंताचं औषध दिलं. मग आव म्हणून कडूजहर गोळ्या. लोहाचं टॉनिक दिलं, त्याने दात काळे झाले पण रक्त वाढलं नाही. दूध बंद केलं, परत सुरू केलं. घरचं म्हणाल तर वावडिंग, डिकेमाली, मुरडशेंग, जायफळ उगाळून झालं. ताकात हिंग, बेंबीवर हिंग. हिंगाची डबी माझ्या हाताशीच असायची.

खालच्या मजल्यावरची बाई मूळची पानिपतची. अगदी प्रेमळ. आमच्या घरातले टॉवेल, चादरी सगळं तिने माहेराहून आणून दिलेलं. नवरा थट्टेत म्हणायचा, मराठी माणसाला पानिपतहून काही धड येत नाही, जपून. तर या बाईंनी एकदा मुलीच्या पोटावरून हात फिरवला आणि मला बजावलं, चावल बंद करो, चावल से पेट निकलता है, रोटी खिलाओ, दलिया खिलाओ. नाक्यावरच्या डॉक्टरांना विचारलं तर तेही हरकत नाही म्हणाले. झालं, त्या दिवसापासून घरात तिला भात बंद.

सकाळी दलिया म्हणजे गव्हाची लापशी, डब्यात पोळीचा रोल, दुपारी शिरा, संध्याकाळी बिस्किटं, जेवायला फुलके. जुलाब अगदीच हाताबाहेर गेले तर तेवढे चार दिवस दहीभात. त्याने जरा थांबायचं. जरा थांबलं की मी म्हणायची, चला, आता हिला ताकद यायला हवी, आणि पुन्हा पोळी. असं किती वेळा केलं असेल देव जाणे. उत्तर मीच तिच्या ताटात वाढत होते आणि मीच काढून घेत होते.

दर मे महिन्यात आम्ही कुडाळजवळ माझ्या मोठ्या बहिणीकडे जायचो. आईवडील गेल्यापासून तेच माझं माहेर. बहिणीला मूलबाळ नाही. प्राथमिक शाळेत शिकवायची, सुट्टीत घरी. शिलाई मशीन होतं, त्यावर दरवर्षी भाचीला एक फ्रॉक शिवायची. आम्ही पोहोचलो की पहिलं काम माप घ्यायचं. तिच्याकडे गव्हाचं पीठ अंगाऱ्यापुरतं असेल. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात नि माशाचं सार, रात्री तांदळाची भाकरी. मी दोन दिवस कुरकुर करायची, की हिला भात नको गं देऊस. ती कानाआड करायची.

आणि दर मे महिन्यात मुलगी सुधारायची. तिसऱ्या आठवड्यात पोट उतरायचं, शी बांधून व्हायची, आंब्याच्या झाडाखाली पोरांबरोबर धावायची. आम्ही सगळे म्हणायचो, हवापाणी मानवलं. इंजिनिअर नवरा, बीएस्सी झालेली मी, आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही की हवेबरोबर ताटही बदललंय.

ती सात वर्षांची होती तेव्हाची सुट्टी. निघायच्या आदल्या दिवशी बहीण ओसरीवर पेजेचं भांडं झाकत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिला एक वर्ष इथेच ठेव. माझ्याच शाळेत घालते. तिकडचं काहीतरी हिला लागत नाहीय."

ती बरोबर बोलत होती, आणि तेच मला झोंबलं. माझ्या हातचं खाऊन माझी पोर वाळते आणि हिच्या हातचं खाऊन बाळसं धरते, याचा अर्थ काय होतो? मी फटकन म्हणाले, "तुला झालं नाही म्हणून माझं हवंय होय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिने प्रवासासाठी तांदळाच्या भाकऱ्या केल्या, फडक्यात बांधल्या, आम्हाला एसटीत बसवलं. मी खिडकीतून हात केला नाही. ती कितीतरी वेळ तशीच उभी असलेली मला दिसत होती.

त्यानंतर चार वर्षं मी गेले नाही. मी मेली हट्टी, आणि चुकलेय हे आतून कळत असलं की जास्तच हट्टी. मे महिन्यात कधी मसुरीला गेलो, कधी पुण्याला. बहिणीची आंतर्देशीय पत्रं यायची. त्यात माझ्याबद्दल एक ओळ आणि बाकी सगळं मुलीचं पोट. मी तीन पत्रांना मिळून एक उत्तर लिहायची, ठीक आहे म्हणून. एकदा तिने दिल्लीला येणाऱ्या कोणाबरोबर उकडे तांदूळ पाठवले. मी ते गच्चीवर कबुतरांना घातले.

मुलगी तिसरीत गेली, चौथीत गेली, युनिफॉर्म तोच. खालची बाई कौतुकाने म्हणाली की तुमची मुलगी कपडे किती जपून वापरते. वर्गात ती पहिल्या बाकावर, रांगेत सर्वांत पुढे. मराठीही तिची हळूहळू गळत चालली होती. नऊ वर्षांची असताना एकदा तापात म्हणाली, आई, वो मावशीवाला गरम चावल का पानी बनव ना. पेज हा शब्द तिला आठवत नव्हता. मी म्हटलं, भाताने पोट बिघडतं बाळा, आणि दलिया केला. तिने निमूटपणे खाल्ला. हे मला आजही लिहवत नाही.

अकराव्या वर्षी, थंडीत, शाळेच्या प्रार्थनेत ती उभ्याउभ्या कोसळली. हात मोडला. प्लास्टर घालणारे डॉक्टर म्हणाले की एवढ्याशा पडण्याने हाड मोडायला नको, रक्तही फार कमी आहे, दिल्लीला मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. तिथे एक तरुण डॉक्टर होता, डोळ्यांखाली झोप साचलेली. त्याने जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा बाजूला सारला आणि काय काय खाते ते विचारलं. मी अभिमानाने सगळं सांगितलं, गहू घरी निवडतो, चक्की, तूप, सगळं. मग त्याने विचारलं, कधी बरी राहिलीय का? मी म्हटलं, गावाला, मे महिन्यात.

"वहाँ क्या खाती थी?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मुलगीच म्हणाली, "चावल."

रक्त तपासलं, मग तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासला. सिलिॲक म्हणाले. गहू आणि जवातलं एक प्रथिन काही जणांच्या आतड्याला चालत नाही, ते जन्मभर चालत नाही. डॉक्टरने समजावलं की नव्या टॉवेलला कसे उभे धागे असतात, तसे आतड्याच्या आत असतात, अन्न तेच शोषून घेतात. हिचा टॉवेल झिजून फडकं झालाय. पोटात अन्न जातंय, अंगाला काहीच मिळत नाहीय. औषध एकच, गहू बंद. भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, राजगिरा सगळं चालेल. आणि हिंगाची डबी वाचून बघा, पुष्कळ हिंगांत मैदा कालवलेला असतो.

घरी येऊन मी डबी उलटी करून वाचली. बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. बेंबीवर लावलेल्याचं काही नाही म्हणा, पण ताकातून मी तेही वर्षानुवर्षं पाजलं होतं. गव्हाचं पिंप खालच्या बाईंना दिलं, पोळपाट, लाटणं, तवा, सगळं काढलं. महिन्याभरात पोट उतरलं, तीन महिन्यांत गालावर रंग आला. उंचीचं विचारलं तर डॉक्टर म्हणाला, वाढेल थोडी, पण उशीर झालाय, गेलेलं सगळं परत येईल असं सांगता येत नाही. आज ती तिशी ओलांडलेली बाई आहे, नोकरी करते, मेट्रोने फिरते, आणि माझ्या खांद्याला लागते. मी स्वतः काही उंच नाही.

बहिणीला फोन केला. काय झालं ते सगळं सांगितलं, एका दमात. वाटत होतं, शिव्या दे, काहीतरी बोल. ती म्हणाली, "आता भात देतेस ना तिला?" मी हो म्हटलं. "मग मे महिन्यात या," म्हणाली आणि फोन ठेवला.

गेलो. मुलगी बारा वर्षांची झाली होती. बहिणीने तिला जवळ घेतलं, माप घ्यायच्या टेपने छाती मोजली, उंची मोजली, ती पुन्हा एकदा मोजली. मग आतल्या खोलीतून ट्रंक ओढत आणली. तिने न चुकता दर मे महिन्यात फ्रॉक शिवला होता. माप नव्हतं म्हणून शेजारच्या, हिच्याच वयाच्या मुलीच्या अंगावर बेतायची. चार फ्रॉक, एकावर एक घड्या घालून ठेवलेले. वरचा अकराव्या वर्षाचा घातला तर मुलगी त्यात हरवूनच गेली. दहाव्याचा घोट्यापर्यंत आला. नवव्याचे खांदे उतरले. बहिणीच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. सगळ्यांत तळाचा, निळ्या ठिपक्यांचा, आठव्या वर्षाचा. तो घालून मुलीने आरशासमोर गिरकी घेतली.

"मावशी, एकदम फिट."

बहीण हो म्हणाली. मागची बटणं लावून दिली, आणि उरलेले तिन्ही फ्रॉक घड्या घालून परत ट्रंकेत ठेवले.