कप्तानाचं पत्र
डांबरगोळ्यांचा वास आला की मला माण तालुक्यातलं एक घर आठवतं. नामांकित नौदल अधिकाऱ्यांची हस्तलिखित पत्रं जमवण्याचा मला तेव्हा नाद होता, आणि तिथल्या एका म्हातारीकडं तसं पत्र असल्याचं कळताच मी साताऱ्याहून एसटीनं गेलो. तिचा मुलगा जहाजावर गेला होता. पुढं मोठं नाव झालेल्या त्याच्या कप्तानानं ते इंग्रजीत लिहिलं होतं. डांबरगोळ्या टाकलेल्या ट्रंकेतल्या लुगड्यांखालून तिनं ते काढलं. "आमचे मालक व्हते तवा त्यांनी तालुक्याला जाऊन वाचून घेतलं व्हतं. म्हनायचे, पोरगं पान्यात हरवलं, सापडलं न्हाई, आसं लिवलंय. तुमी सगळं वाचा." मी वाचू लागलो आणि अडखळलो. मुलानं कप्तानाच्या मांडीवर प्राण सोडला होता, आणि त्याचा देह समुद्रातच सोडून त्याला निरोप दिला होता. "थांबला का? वाचा की." मी खरं ते सांगितलं. बाहेर शेरडं ओरडत होती. लुगडी पुन्हा ट्रंकेत ठेवत ती म्हणाली, "म्हंजे मालकास्नी ठावं व्हतं. माजी आस तुटू नये म्हून एकट्यानंच सोसलं त्यांनी." पत्र मागायला गेलेला मी ते तिच्या हातात देऊन परतलो. आज माझ्याकडं कितीतरी मोठ्या नावांची पत्रं आहेत, पण त्या दिवशी खरं सांगितलं ते चांगलं केलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.