चार मिलिमीटरची घाई

"ही हिच्या कानात बसवा," म्हणत आत्याबाईंनी रुमालातली चांदीची कर्णफुलं काउंटरवर ठेवली. सोबत त्यांची भाची दर्शना होती. दोघी बारवीकडच्या पाड्यावरून आल्या होत्या. दिवाळीनंतर दर्शनाचं लग्न होतं. फुलं तिच्या वारलेल्या आईची. मांडवात तीच घालायची, एवढाच तिचा हट्ट.

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये मी पिअर्सिंग स्टुडिओ चालवते. मी माप घेतलं. दर्शनाच्या कानाचं भोक एक मिलिमीटर, फुलांची दांडी चार.

टोचलेलं भोक मोठं करण्याला आम्ही स्ट्रेचिंग म्हणतो. एका वेळी जास्तीत जास्त एक मिलिमीटर. टेपर, म्हणजे निमुळती गुळगुळीत सळई, वंगण लावून सरकवायची आणि तिच्या मागोमाग त्या मापाचा प्लग, म्हणजे भोकात ठेवायचा आखूड दांडा, बसवायचा. मग किमान महिना-दीड महिना थांबायचं. कानाची पाळी पातळ असेल तर त्याहून जास्त. सळई अडली, रक्त आलं किंवा दुखलं, तर पाळी तयार नाही असं समजून थांबायचं.

"तीन पायऱ्या आहेत, लग्नापर्यंत होणार नाही," मी सांगितलं.

"मंग माझं कसं झालं?" आत्याबाईंनी मान वळवून कान दाखवला. भोकात बोरू गेला असता. "कडुलिंबाच्या काड्या घातल्या. एक बसली का दुसरी. येवढ्या मशिनी घेऊन बसलाय बाई, नि घाबरताय कशाला?"

शेजारच्या दुकानातले सिंधी सोनार डोकावले. त्यांनी फूल हातात घेऊन पाहिलं. "दांडी घिसके पतली कर देता हूँ, बेटा. इसमें क्या है?"

"नको काका," दर्शना म्हणाली. "आईच्या कानात होती तशीच पाहिजे."

तरी सुरुवात म्हणून दोन्ही कानांत पहिली पायरी करून मी टायटॅनियमचे प्लग बसवले. पुढची भेट होईपर्यंत दुसरं काहीही घालायचं नाही, असं दोघींना बजावलं. दर्शनाने मान हलवली. आत्याबाई छताकडे बघत होत्या.

ठरल्याच्या आधीच दोघी परत आल्या. दर्शनाची डावी पाळी सुजून लाल झाली होती. प्लग काढून आत्याबाईंनी भोकात कडुलिंबाच्या काड्यांची जुडी कोंबली होती. वाळकी काडी ओल धरते आणि आतल्या आत फुगते. मागच्या बाजूने भोकाभोवती मांसाची कड बाहेर आली होती. याला ब्लोआउट म्हणतात. घाईने ताणलं की भोकातली कातडी मागून बाहेर ढकलली जाते. इथे पूही होता. मी हात लावला नाही. रिक्षाने अंबरनाथ पश्चिमेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काड्या काढल्या, औषधं दिली. पाळी वाचेल, पण जखम पूर्ण भरेपर्यंत त्यात काही घालायचं नाही, असं सांगितलं.

बाहेर बाकावर दर्शनाने विचारलं, "लग्नात फुलं?"

"नाही."

"दांडी बारीक केली तर?"

"डाव्या कानात आता तारही नको."

ती रडली नाही. रुमालाची गाठ नुसती सोडत-बांधत राहिली.

मी आत्याबाईंना विचारलं, "तुमची पहिली काडी कधी घातली होती?"

"शेरडांमागं जायची तवा. लहानच व्हते."

"आणि शेवटची?"

"न्हाण आल्यावर..." त्या थांबल्या. त्यांच्या कानाला कित्येक वर्षं मिळाली होती, आणि मधे कुठलाही मुहूर्त नव्हता.

लग्नाला मला बोलावणं होतं. मांडवात दर्शनाच्या उजव्या कानात नुसता प्लग होता. डावा पदराने झाकलेला. फुलं आत्याबाईंच्या कानात होती. त्या आधी घालायला तयार नव्हत्या, हे दर्शनानेच सांगितलं.

"आत्या म्हणाली, माझी लायकी न्हाई. मी म्हटलं, मग मी आईला कुणाच्या कानात बघू?"

जखम भरायला बरेच महिने लागले. कड बसली, पण पाळीत व्रण आहे. तो कान पुन्हा ताणता येईल की नाही, हे आज सांगता येत नाही. उजव्या कानात आम्ही मुद्दाम अजून पहिल्याच मापावर आहोत.

पूर्वी स्ट्रेचिंगला कोणी आलं की मी विचारायचे, किती मोठं करायचंय? आता आधी विचारते, कधीपर्यंत? समोरून तारीख आली, तर काम घेत नाही.