सिस्टिम घेत नाही

वीजबिलाच्या खिडकीमागे उभी हयात काढलेल्या माणसाला एक गोष्ट झोपेतही जमते. चेहऱ्यावरची रेघ न हलवता 'नाही' म्हणणं. खिडकीबाईंना ती इतकी जमायची की निवृत्तीनंतरसुद्धा दारावर कुणी झाडू-पुसणी विकायला आलं, तर त्या नुसत्या बघायच्या आणि तो बिचारा आपणहून "बरं, येतो" म्हणत जिना उतरायचा. अशी ही करारी बाई, पण एका माणसापुढे तिचं काही चालत नसे. नवऱ्याची थोरली बहीण. निवृत्त मुख्याध्यापिका. माघारी सगळे तिला हेडबाई म्हणायचे, तोंडावर ताई.

दोघींनाही रहस्यकथांचं वेड, पण वेडाची जात वेगळी. खिडकीबाई पुस्तक पुरवून पुरवून वाचणार. खुनी कोण हे आधी कळू नये म्हणून पान उलटताना पुढच्या पानावर हात आडवा धरणार. हेडबाई एका बैठकीत फडशा पाडणार, आणि तोही हातात लाल पेन घेऊन. नवं पुस्तक घरात आलं की "बघते जरा" म्हणून ते त्यांच्या पिशवीत जायचं. परत यायचं तेव्हा, खुनी जिथं पहिल्यांदा गरीब चेहऱ्यानं खोलीत शिरतो, तिथं समासात लाल अक्षरं उमटलेली असायची : 'हाच तो!' खाली सही आणि तारीख.

"अहो, सांगा ना तुमच्या बहिणीला," खिडकीबाई नवऱ्याला म्हणत.

"ताईच आहे गं. जाऊ दे."

नवरा कारखान्यात सुपरवायझर होता. समोर येईल त्या कागदावर न वाचता सही करायची, म्हणजे कुणाशी वाकडं येत नाही, हे त्याच्या सुखी आयुष्याचं सार. संसार त्यानं याच पद्धतीनं केला होता.

असे तीसेक वर्षांचे खून खिडकीबाईंनी आधीच उलगडलेले वाचले. मग एक दिवस बातमी आली की त्यांच्या लाडक्या लंगड्या इन्स्पेक्टरच्या मालिकेचा शेवटचा भाग निघतोय. त्याच दिवशी त्यांनी मनाशी गाठ मारली. हा भाग मी कोरा वाचणार. आणि ताईंच्या तोंडून 'चुकलं माझं' एवढं ऐकल्याशिवाय डोळे मिटणार नाही.

निमित्त तर तयारच होतं. पुस्तकांनी घर गिळत आणलं होतं. बैठकीतली कपाटं कधीच भरली होती. आता पुस्तकं पलंगाखाली होती, साड्यांच्या कप्प्यात होती, धुलाईयंत्रावर होती, आणि एक चवड तर पिठाच्या डब्यामागे टेकून उभी होती. एकच पुस्तक तीनदा विकत आणल्याचं उघडकीला आलं, तेव्हा खिडकीबाई म्हणाल्या, "याला आता कॉम्प्युटरच लावायला हवा."

"लाव की," नवरा म्हणाला. सही झाली.

कॉम्प्युटर त्यांना नवा नव्हता. ऑफिसात तो आला तेव्हा निम्म्या लोकांना घाम फुटला होता, पण यांनी त्याला पहिल्याच महिन्यात वठणीवर आणलं होतं. ग्रंथालयाचा एक फुकटातला प्रोग्रॅम त्यांनी उतरवून घेतला. बारकोड वाचणारी बंदूक आणली. बंद पडलेल्या औषधाच्या दुकानातून पावत्यांचं छोटं मशीन उचललं. जुन्या पुस्तकांना बारकोड नव्हते, त्यांना छापून चिकटवले. दिवसभर घरात 'टूं... टूं...' चालायचं, आणि नवरा डब्यातलं पीठ काढायला गेला तर त्यालाही दटावणी मिळायची, "ती चवड हलवू नका, कप्पा बदलतो तिचा!"

प्रत्येक पुस्तकाला नाव, लेखक, कप्पा आणि खाली 'टीप' असा रिकामा रकाना. प्रत्येक वाचकाला सभासदत्व. आणि ऑफिसची सवय जाईना म्हणून दोन नियम त्यांनी जास्तीचे घातले. एक, नवा सभासद साहेबांच्या मंजुरीशिवाय होणार नाही. साहेब अर्थात नवरा. दोन, पुस्तक ज्यानं आधी मागितलं, त्याला आधी. रांग म्हणजे रांग.

हेडबाई आल्या त्या थेट कपाटाकडेच. खिडकीबाई टेबलामागून म्हणाल्या, "ताई, आधी सभासद व्हावं लागेल."

"मी? माझ्या भावाच्या घरात?"

"माझं काही नाही हो. सिस्टिमला लागतं." त्यांनी दोन बोटांनी सावकाश टंकलं, पडद्याकडे बघून मान हलवली. "घेत नाही."

"काय घेत नाही?"

"तुम्हाला."

"अगं, हे पुस्तक मी हातात धरलंय!"

"हातात असेल. सिस्टिममध्ये नाही."

"मग घाल ना सिस्टिममध्ये!"

"पडताळणी चालू आहे. पुढच्या आठवड्यात चौकशी करा."

हेडबाई रिकाम्या पिशवीनं जिना उतरल्या. खिडकीबाईंनी त्या दिवशी दोन कप चहा घेतला, दोन्ही स्वतःच केले आणि दोन्ही त्यांना अमृतासारखे लागले.

पुढच्या आठवड्यात फोटो चालला नाही. त्यानंतर जन्मतारीख जुळली नाही. "माझी जन्मतारीख मला ठाऊक!" हेडबाई कडाडल्या. "तुम्हाला ठाऊक असून काय उपयोग?" खिडकीबाई हळहळून म्हणाल्या. सूड इतका सपक, थंड आणि सभ्य असू शकतो हे हेडबाईंना कधी कुणी शिकवलंच नव्हतं. त्या बिचाऱ्या छडीच्या काळातल्या.

पण घात केला तो साहेबांनी. एका सकाळी नवऱ्यानं पाऊस पडेल का ते बघायला कॉम्प्युटर उघडला. पडद्यावर काहीतरी मंजुरीसाठी थांबलं होतं. जन्मभराच्या सवयीनं त्यानं न वाचता 'मंजूर' दाबलं. तासाभरात हेडबाईंच्या मोबाइलवर स्वागताचा निरोप गेला, आणि पुढच्या मिनिटाला त्यांनी घरबसल्या लंगड्या इन्स्पेक्टरच्या शेवटच्या भागावर पहिला नंबर लावला. त्याची नोंद खिडकीबाईंनी आधीच करून ठेवली होती, पण रांगेत दुसरं कुणी नाहीच म्हणून स्वतःचा नंबर लावायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"काय केलंत हे!" खिडकीबाई किंचाळल्या.

"मी? काय केलं?" नवरा खरोखरच निरागस होता.

दुसरी कुणी असती तर तिनं गुपचूप ताईंचा नंबर खोडून स्वतःचा वर घातला असता. खिडकीबाईंचा हात कॉम्प्युटरच्या उंदरापर्यंत जाऊन परत आला. ऑफिसातल्या खुद्द मोठ्या साहेबांच्या मेहुण्याला त्यांनी एकदा रांगेच्या शेपटाला पाठवलं होतं. त्या हातानं रांग मोडायची?

पार्सल आलं त्या दुपारी, सिस्टिमचा निरोप मिळताच, हेडबाईंचा फोनही आला. "निघालेच मी."

हातात काय तो तासभर. खिडकीबाईंच्या वाचनाच्या वेगानं तासाभरात इन्स्पेक्टर फार तर बूट घालून घराबाहेर पडला असता. त्या कोऱ्या पुस्तकाकडे बघत राहिल्या. कोरं वाचायचं तर आता होणारच नव्हतं. लाल पेन वाटेवर होतं. मग राहिलं काय? राहिलं ते गाठीतलं दुसरं : 'चुकलं माझं.'

त्यांनी एक श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा शेवटचं पान आधी उघडलं. वाचताना त्यांना रडूच आलं. मग डोळे पुसले, कॉम्प्युटरवर पुस्तकाची नोंद उघडली आणि 'टीप'च्या रकान्यात चार शब्द टंकले.

हेडबाई धापा टाकत आल्या. "माझा नंबर पहिला आहे."

"आहेच. नियम म्हणजे नियम." 'टूं.' मशीननं कर्रकर्र करत पावती काढली. खिडकीबाईंनी ती पुस्तकासह दोन्ही हातांनी, अगदी अदबीनं पुढे केली. "तपासून घ्या. नंतर तक्रार चालणार नाही."

हेडबाईंनी चष्मा लावला. सभासद, पुस्तक, परतीची तारीख. आणि खाली : 'खुनी : घरचा डॉक्टर. विषप्रयोग.'

त्यांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं.

"हे... हे काय आहे?"

"टीप."

"कुणी लिहिली?"

"सिस्टिमनं."

हेडबाई खुर्चीत बसल्या. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा शाळा सुटल्यानंतर एकट्याच मागे राहिलेल्या माणसासारखा दिसला. "आता मी वाचू काय यात?"

"मी तीस वर्षं काय वाचत होते?"

"अगं, पण मी तर..." हेडबाई अडखळल्या. "तू इतकं हळू वाचतेस. मला वाटायचं, तुला समजायला जड जातं. म्हणून मी खूण करून ठेवायची. मदत म्हणून!"

इतक्या वर्षांचा राग एकदम उपाशी पडावा तसं खिडकीबाईंना झालं. मदत! पण त्या काही इतक्या स्वस्तात विरघळणाऱ्यातल्या नव्हत्या.

"मग आता मदत झाली का तुम्हाला?"

हेडबाईंनी पावतीची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "चुकलं माझं," त्या पुटपुटल्या.

"जरा मोठ्यानं, ताई. ऐकू नाही आलं."

"चुकलं माझं!"

"हां. आता नीट नोंद झाली."

त्या संध्याकाळी हेडबाई मुक्कामालाच थांबल्या, आणि पुस्तक टेबलावरच पडून राहिलं. दोघींपैकी कुणालाही ते हातात धरवेना. शेवटी घरातली शांतता सहन न होऊन नवऱ्यानंच ते उचललं. उभ्या जन्मात त्यानं वर्तमानपत्रापलीकडे काही वाचलं नव्हतं, पण बघता बघता तो रंगला. चार दिवस तो पुस्तकात, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना या दोघी, तोंडं घट्ट मिटून.

"काय कमालीचं लिहिलंय!" तो मधेच म्हणाला. "सगळेच संशयास्पद. एक तो डॉक्टर मात्र देवमाणूस आहे हं."

नणंद-भावजयीनं एकमेकींकडे पाहिलं. तीस वर्षं जो 'जाऊ दे' म्हणून दोघींच्या मधून अंग काढून घेत आला, तो माणूस प्रथमच दोघींच्या तावडीत आयता सापडला होता.

"वाचा, वाचा," खिडकीबाई मधाळ आवाजात म्हणाल्या. "सावकाश होऊ द्या."

"आणि त्या डॉक्टरकडे नीट लक्ष दे बरं का," हेडबाईंनी भावाच्या पाठीवरून हात फिरवला. "असा माणूस घरात असावा."

नवऱ्यानं मनापासून मान डोलावली आणि पान उलटलं.