दोघी बायका, एक हाक

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना नांदेडच्या एका दवाखान्यात आमची ओपीडीला ड्युटी लागली होती. इंजेक्शनच्या खोलीत मी, माझी मैत्रीण आणि आमच्यावर लक्ष ठेवायला शिकवणाऱ्या मॅडम. बाहेर बाकांवर बसायला जागा नव्हती.

मैत्रिणीनं केसपेपरवरचं नाव पुकारलं. एक म्हातारी "हाव, हाव" म्हणत आत आली आणि न सांगताच टेबलावर कुशीवर झाली. मैत्रिणीनं दुखण्याचं इंजेक्शन भरलं, स्पिरिटचा बोळा फिरवला. ती सुई टोचणार तोच दारातून एका बाईचा आवाज आला, "सिस्टर, आत्ता माझं नाव घेतलं का? मी पाणी प्यायला गेल्ते."

मॅडमनी तिला नाव विचारलं. तिनं तेच नाव सांगितलं.

मैत्रिणीनं सुई मागं घेतली. मॅडमनी पुढं होऊन तिच्या हातातली सिरिंज काढून घेतली. मी टेबलाशी वाकून मोठ्यानं विचारलं, "मावशी, तुमचं नाव काय?" म्हातारीनं भलतंच नाव सांगितलं.

"मग हाव का म्हणलात?"

"कमी ऐकू येतंय, बाई. समदे आत जाऊन राहिले, म्हणलं मलाच बलावलं आसंल. उगं पाळी जायची."

ती बिलोलीकडून खोकल्याचं औषध न्यायला आली होती. सुई मिळत नाही म्हटल्यावर हिरमुसली. "इतक्या लांबून आले अन् सुई न्हाई?"

"आधी कधी इंजेक्शनचा त्रास झाला होता का?" मॅडमनी विचारलं.

"झाल्ता की. लातूरला लेकीकडं होते, गुडघ्यासाठी सुई दिली. तोंड सुजलं, दम कोंडला. लेक म्हणली, आई, तू गेल्तीस!" सांगताना ती हसत होती.

लातूरचं ते औषध आणि आमच्या सिरिंजमधलं एकच होतं का, मला आजही माहीत नाही. मॅडमनी बोलावल्यावर डॉक्टरांनी तिच्या केसपेपरवर 'इंजेक्शनची ॲलर्जी' असं लाल शाईनं लिहिलं, लेकीला फोन लावून औषधाचं नाव विचारायला सांगितलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आपण नाव घ्यायचं नाही. पेशंटच्या तोंडून वदवून घ्यायचं." हे वाक्य परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते.

विष्णुपुरीला होस्टेलवर परतताना रिक्षात मैत्रीण माझं मनगट धरून बसली. उतरल्यावर पाहिलं, तिच्या बोटांचे वळ उठले होते.