मी न पोचवलेली विनंती
नव्या बनियनचा कोरा वास आला की मला तंजावूरकडच्या ओरत्तनाडू गावाजवळची ती प्रार्थनासभा आठवते. कापणी झालेल्या भातशेतात पत्र्याचा मांडव, जनरेटरचा धूर, आणि अमेरिकेहून आलेल्या एका पाद्र्यांचं इंग्रजी मी माइकवर वाक्यावाक्याने तमिळमध्ये सांगत होतो. आमचं तंजावूरचं मराठी घर, देव वेगळे; पण इंग्रजी बरं म्हणून मला बोलावत. देवाने काय दिलं याची साक्ष द्यायला एक बाई उभी राहिली. तिची मुलगी तिरुप्पूरला, परदेशात जाणारे बनियन-कपडे शिवणाऱ्या कारखान्याच्या वसतिगृहात होती. "सार, ते कपडे ह्यांच्याच देशात जातात म्हणे. पोरीला ताप आहे, घरी सोडत नाहीत. ह्यांनी एक शब्द टाकला तर मालक ऐकेल." शेजारचे संयोजक माझ्या कानाशी पुटपुटले, "साक्ष सांगा, तक्रार नको. पुढच्या सभेलाही यायचंय ना तुम्हाला?" मी इंग्रजीत सांगितलं, मुलीला काम मिळालं म्हणून ही बाई देवाचे आभार मानते आहे. पाद्र्यांचे डोळे भरून आले, मांडवभर "अल्लेलूया" झालं. बाईने मला विचारलं, "काय म्हणाले, सार? सांगतील ना?" मी "हो" म्हणालो. ती पाया पडायला वाकली तेव्हा मी पाय मागे घेतले, एवढंच. मुलीचं पुढे काय झालं ते विचारायला मी कधी गेलो नाही. आज इतक्या वर्षांनी कबूल करतो, त्या भल्या पाद्र्याने कदाचित खरंच शब्द टाकला असता.