पाडसाला पाजलेलं दूध

शाळा सुटल्यावर अंथुर्ण्याहून वालचंदनगरला स्कूटीवर परतताना मला रस्त्यालगतच्या माळावर चिंकाऱ्याचं पाडस दिसलं. गवतात मान टेकून गप्प पडलं होतं. आई कुठंच नव्हती. कुत्री फाडतील म्हणून मी ते ओढणीत गुंडाळून घरी आणलं.

त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते. बाटलीनं गाईचं दूध पाजलं. शेजारणी येऊन फोटो काढून गेल्या. दुसरा दिवसही कौतुकात गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला हगवण लागली, तेव्हा नवरा घाबरला. "घरात ठेवणं गुन्हा आहे. फॉरेस्टवाल्यांना कळव, पण दोन दिवस ठेवलं होतं असं म्हणू नकोस."

मी पाडसाचं अंग पुसून घेतलं आणि फोन केला. तिशीची एक वनरक्षक मोटारसायकलवरून आली.

"बाई, कधी घावलं?"

"आज सकाळी."

"काय पाजलंय?"

"फक्त पाणी."

तिचा चेहरा खुलला. "मग काळजी न्हाय. आई पिल्लाला गवतात लपवून चरायला जाती. आजच उचललंय म्हंजी ती अजून हुडकत आसल. आदी आईजवळ ठेवून बघायचं, न्हाईच आली तर डॉक्टरकडं, असा आमचा नेम हाय."

पाडस मलूल होतं. आईविना तसं दिसतंय, असं तिला वाटलं. आम्ही ते सापडलेल्या जागेवर ठेवून लांब बाभळीखाली बसलो. ऊन तापलं. चारच्या सुमाराला एक मादी दिसली, थांबली आणि वळून गेली. "ईल परत," वनरक्षक कुजबुजली. तेव्हा तरी मी खरं सांगायला हवं होतं. मी तिला माझ्या बाटलीतलं पाणी दिलं.

दिवस मावळल्यावर तिनं पाडस उचलून जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. मीही सोबत गेले. डॉक्टरांनी तेच विचारलं, काय पाजलं? मी पुन्हा म्हणाले, पाणी. सकाळपर्यंत पाडस गेलं. 'आज सकाळी आढळले' असं लिहिलेल्या जबाबावर माझी सही होती.

आठ दिवसांनी मी तिच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. तिनं समोरची फाईल मिटून बाजूला ठेवली.

"शेपटीखाली बघून मला शंका आली हुती," ती म्हणाली. "पर तुमी शाळेच्या बाई. खोटं कशाला बोलशीला, म्हणून परत इचारलं न्हाय."

पिल्लू दिवसभर उन्हात का ठेवलं, याचा लेखी खुलासा तिनं आदल्याच दिवशी दिला होता. सगळा दोष स्वतःवर घेतला होता. मग तिनं कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. मी नवा जबाब लिहून दिला. तिच्या साहेबांनी मला समज देऊन सोडलं.

बाहेर येऊन स्कूटी चालू करताना मला सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच आज जास्त लाज वाटते.