पायासाठी धरलेला उपास

देवाला सगळं दिसतं आणि सगळं करता येतं, तर मग माणसाला दुखणं कशाला, हा प्रश्न मी कॉलेजात असल्यापासून बाळगून आहे. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिलीच, आणि विषय तत्त्वज्ञान. छावणीतल्या आमच्या चर्चमध्ये शास्त्राभ्यासाला मी हात वर केला की पाळकसाहेब आधीच हसायचे. देवानं माणसाला मोकळीक दिली, त्याला दोरीवर नाचवलं नाही, असं ते समजावत. मला ते पटायचं, पण पुरायचं नाही. माणसाच्या पापाचं समजलं. माझ्या आईला साखरेचा आजार झाला, तो कोणी निवडला होता?

त्या आजारानंच आईच्या डाव्या पायाची जखम चिघळली आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. बोटं काळी पडली होती. पाऊल काढावं लागेल, उशीर केला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. मी लगेच हो म्हणाले. आई नाही म्हणाली. कारण असं की चर्चच्या महिला मंडळानं तिच्यासाठी उपास-प्रार्थना धरली होती. तिच्या खाटेभोवती उभं राहून एकेकीनं मोठ्यानं मागितलं होतं, "प्रभू, हा पाय राख." आता आपणच पाय कापू दिला, तर आपला विश्वास कमी पडला असं होईल, ही तिची समजूत.

"बाया माझ्यापायी उपाशी राहिल्या. त्यांना काय तोंड दावू?"

"जित्ती राहिलीस तर दावशील ना."

"लई शिकलीस," म्हणून तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

पाळकसाहेब आले. मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, तुम्ही हुकूम करा, तुमचं ती मोडणार नाही. ते म्हणाले, "म्हणूनच करणार नाही. शस्त्रक्रिया करून घे, असं माझं मत मी तिला सांगितलंय. पण पाय तिचा आहे, बाई." मला त्यांचा फार राग आला. मग व्हरांड्यात उभी असताना लक्षात आलं की देवावरही माझा नेमका हाच राग आहे. दिसतंय, कळतंय, तरी हात धरून ओढत का नाही? पण ओढलं असतं तर आईचं काय उरलं असतं, हेही पहिल्यांदाच मनात आलं. उत्तर नव्हतं ते. पण प्रश्नाची दुसरी बाजू दिसली आणि मी त्या बाजूनं विचार करत राहिले.

दवाखाना लहान, बायका-पुरुषांची खोली एकच; शेजारच्या खाटेवर सिल्लोडकडचे एक मुसलमान गृहस्थ होते. त्यांची बायको आमचं सगळं बोलणं ऐकत होती. संध्याकाळी तिनं आपल्या थर्मासमधला चहा आईच्या कपात ओतला. "बिनशक्कर का है, अम्मा, डरो नको." मग सहज, जणू बाजारभाव विचारावा तसं, विचारलं, "तुमारे लोगां ने दुआ में पांव मांगा, के तुमकू मांगा?"

आईनं चहाचा एक घोट घेतला. "नाव पायाचं घेतलं," ती म्हणाली, "पर मागितलं मलाच असंल."

"तो फिर?" म्हणून ती बाई नवऱ्याची उशी सारखी करायला वळली. दुसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडलं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

चहा दिला त्याच संध्याकाळी आईनं मला डॉक्टरांना बोलवायला धाडलं. पाऊल गेलं, आई वाचली. मंडळाच्या बाया भेटायला आल्या तेव्हा तिनंच आधी सांगून टाकलं, "कापा म्हणलं म्या." मग त्यांतली थोरली म्हणाली, "बरं केलंस. आता जखम भरायला मागू," आणि तिनं डोळे मिटले. मीही मिटले. आजवर मी प्रार्थनेत देवाला काय करायचं ते सांगत आले. त्या दिवशी नुसती गप्प बसले, आणि हलकं वाटलं.

चहा देणाऱ्या त्या बाईला तिथं कोणी आणून बसवलं, हे मी सिद्ध करू शकत नाही. आईच्या आजाराचं कोडंही सुटलेलं नाही. पाळकसाहेबांपुढं माझा हात अजून वर होतो. फक्त आता मी भांडायला विचारत नाही, जाणून घ्यायला विचारते. आभार मात्र रोज मानते. एकदा आईलाच विचारलं, "तू हो म्हणालीस, ते तू म्हणालीस की देवानं म्हणवून घेतलं?"

"म्याच म्हणलं," आई म्हणाली. "त्यो थांबला व्हता, म्या म्हणेस्तोवर."